'मिसळले' म्हणजे कुणी मिसळले?

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या नासर्डीतल्या मेलेल्या माशांची तुझी बातमी वाचली. काठाकाठाने पायपीट केलीस, ते जाणवतं. पण पहिल्याच वाक्याशी मी अडखळलो. 'नासर्डी नाल्यात दूषित पाणी मिसळल्याने मासे मृतावस्थेत आढळले.' पाणी आपलं आपण मिसळत नसतं. कुणीतरी रात्री पाइप सोडतं, कुणीतरी टँकर रिकामा करतं. आपल्या मराठीत 'झालं' हे क्रियापद फार सोयीचं. ते वापरलं की करणारा वाक्यातून निघून जातो. करणारा ठाऊक नसेल तर अंदाजाने नाव घालू नकोस, ते पापच. 'हे पाणी कुणी सोडलं ते अजून शोधलेलं नाही' एवढं तरी लिही. नमुना कुठे घेतला, किती वाजता घेतला, हे विचार. रात्री सोडलेलं पाणी दुपारच्या नमुन्यात सापडेलच असं नाही.

आणि 'नाला' का? वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना मीही तो शब्द वर्षानुवर्षं जाऊ दिला, त्याची आज खंत वाटते. नाला म्हटलं की त्यात घाण असायचीच, मग तक्रार कसली? ही नंदिनी नदी आहे. टाकळीला समर्थांनी तप केलं ते हिच्याच काठी. सातपूरची औद्योगिक वसाहत ओलांडून ती तिथे गोदावरीला मिळते.

'गुन्हा' लिहिण्याआधी मात्र कलम बघ. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात कलम १५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिथे कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आणली. ती थकवली तर तुरुंगाची वेळ येऊ शकते, एरवी पैसे भरून मोकळे. मला हा बदल मान्य नाही. कायद्याने शब्द सौम्य केला, म्हणून आपणही 'त्रुटी', 'अनियमितता' म्हणायचं का? नदीत विष सोडलं असेल आणि तसा अहवाल हाती असेल, तर 'विष सोडलं' असंच लिही.

नाशिकच्याच तपोवनातल्या झाडतोडीबद्दल लिहितानाही हेच. सरकारी कागदात झाडं 'बाधित' होतात. तू 'तोडणार' लिही, किती तोडणार ते लिही, परवानगी कुणी दिली तेही लिही.

रविवारी सकाळी सातला सातपूरच्या पुलावर ये. टाकळीपर्यंत काठाने चालू. वही आण. नदीत उघडणारं एकेक तोंड मोजू, आणि ते कुठून येतं ते तिथल्याच माणसांना विचारू.

तुझा,
काका