कॉलमचे नियंत्रण आधी संगणकावर का तपासावे?

प्रश्न : आमच्या आसवनीत कॉलमची (मद्यार्क व पाणी वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याची) स्थिर अवस्थेची गणिते तयार असताना डायनॅमिक सिम्युलेशन (काळानुसार होणारे बदल दाखवणारे संगणकीय मॉडेल) कशाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्थिर गणित कॉलम कुठे स्थिरावेल ते सांगते, वाटेत काय घडेल ते नाही. एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रात वाफेची मागणी एकदम वाढली की बॉयलरच्या ड्रममधील (पाणी व वाफ वेगळी होणाऱ्या टाकीतील) दाब उतरतो, बुडबुडे फुगतात आणि पाणी घटत असूनही पातळी चढलेली दिसते. केवळ पातळीवर विसंबलेला कंट्रोलर नेमके तेव्हाच फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारे पाणी, कमी करतो. तुमच्या कॉलममध्येही मोजमाप असेच फसवू शकते : माथ्याशी, ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास, मद्यार्काचे प्रमाण थोडे बदलले तरी तापमान जेमतेम हलते. म्हणून सिम्युलेशनमध्ये फीड (कॉलममध्ये येणारे मिश्रण) बदलून कोणत्या ट्रेचे (कॉलममधील आडव्या थाळीचे) तापमान ठळकपणे हलते ते पाहावे व कंट्रोलर तिथे जोडावा. व्हॉल्व्हचे अडकणे मात्र मॉडेलमध्ये जरूर घालावे. ते वगळले की आलेख फसवे देखणे येतात.