स्लाइडवरचा दुसरा ठिपका

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. शागास आजाराच्या (लॅटिन अमेरिकेतला, हृदय आणि अन्नमार्गाला ग्रासणारा आजार) परजीवीची गिम्सा रंगाने रंगवलेली स्लाइड दाखवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, केंद्रक एकच असेल तर टोकाशी दिसणारा दुसरा गडद ठिपका कसला? तोही डीएनएच आहे, एवढेच मला सांगता आले. एवढ्याशा पेशीला तिथे इतका डीएनए कशासाठी लागतो?
— एक वाचक, कराड

उत्तर : विद्यार्थिनीची नजर नेमक्या जागी गेली, याचा फार आनंद वाटला. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात लासान्स या गावी रेल्वेच्या कामगारांमधील हिवताप आटोक्यात आणण्यासाठी गेलेल्या कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये हा परजीवी वर्णिला आणि आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्याला ट्रिपॅनोसोमा क्रुझी असे नाव दिले. (आपल्याकडे ‘चागास’ असेही लिहितात, पोर्तुगीज उच्चार ‘शागास’च्या जवळचा आहे.) रक्तात तो इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वाकलेला दिसतो. मधोमध दिसते ते केंद्रक आणि मागच्या टोकाशी, पेशीची कड जिथे किंचित फुगलेली असते तिथे दिसतो तो कायनेटोप्लास्ट.

या पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) एकच असते, आणि तिच्यातला सगळा डीएनए त्या एका जागी दाटून बसलेला असतो. पेशीतील एकूण डीएनएचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा तिथे भरतो, म्हणूनच साध्या सूक्ष्मदर्शकातही तो उठून दिसतो. या डीएनएची घडण अशी की, हजारो लहान वर्तुळे आणि काही डझन मोठी वर्तुळे चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकून एकच जाळे तयार होते. पेशी दुभंगताना हे सगळे जाळे सोडवून, प्रत्येक लहान वर्तुळाची प्रत काढून, पुन्हा गुंफावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मोठ्या वर्तुळांवरच्या जनुकांत आहे. त्यांतली बरीचशी जनुके आहेत तशी वाचली, तर त्यांतून कामाचे प्रथिन तयारच होत नाही. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे रॉब बेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, ट्रिपॅनोसोमांच्या एका जनुकाच्या आरएनए प्रतीत चार युरिडीन (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) अक्षरे आहेत, पण मूळ डीएनएत त्यांचा मागमूसही नाही. पेशीने ती प्रत काढल्यानंतर घातली होती. या प्रक्रियेला आरएनए संपादन म्हणतात. क्रुझीच्या जातभाईत, म्हणजे आफ्रिकेतील निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसायमध्ये, एका जनुकाच्या प्रतीत तब्बल ५४७ युरिडीन घातले जातात आणि ४१ काढले जातात. तयार झालेल्या संदेशाचा निम्म्याहून अधिक भाग मूळ जनुकात नसतोच. कोणते अक्षर कुठे घालायचे, हे मार्गदर्शक आरएनए नावाचे छोटे रेणू दाखवतात आणि त्यांतील बहुतेक त्या हजारो लहान वर्तुळांवरून तयार होतात. वर्गात सांगायचे झाल्यास, मोठ्या वर्तुळावर गाळलेल्या जागांचा मजकूर आहे आणि त्या जागा कशा भरायच्या याच्या सूचना लहान वर्तुळांवर विखुरलेल्या आहेत, असे सांगा. त्या ठिपक्याचे आकारमान प्रामुख्याने या सूचनांचे आहे.

रोगनिदानालाही या रचनेचा मोठा उपयोग होतो. क्रुझीचे लहान वर्तुळ साधारण १,४०० अक्षरजोड्यांचे असते आणि त्यावर जवळजवळ सारखाच असा एक तुकडा चार ठिकाणी येतो. एका परजीवीत अशी हजारो वर्तुळे असल्यामुळे पीसीआर चाचणीला (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) शोधायचा तुकडा एकाच पेशीत हजारो वेळा सापडतो. तरीही जुनाट अवस्थेतील रुग्णाची चाचणी अनेकदा नकारात्मक येते, कारण तोवर परजीवी रक्तातून जवळजवळ नाहीसा होऊन हृदयाच्या किंवा अन्नमार्गाच्या स्नायूंत दडलेला असतो. अशा वेळी प्रतिपिंडांच्या तपासणीवरच भिस्त ठेवावी लागते.

उपचारातही तंतुकणिकेचा संबंध येतो. बेंझनिडाझोल हे औषध स्वतः निष्क्रिय असते. परजीवीच्या तंतुकणिकेतील नायट्रोरिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याला सक्रिय करते. आपल्या पेशींत त्या प्रकारचे विकर नाही. मात्र या विकराच्या जनुकाची एक प्रत जरी परजीवीने गमावली, तरी औषधाचा प्रभाव घटतो. शिवाय २०१८ मध्ये असे दिसून आले की, ऊतींमध्ये काही परजीवी विभाजन थांबवून निपचित राहतात आणि औषधाच्या माऱ्यातून वाचतात. माझ्या मते या आजारावरील संशोधनातली सर्वांत कठीण गाठ आज हीच आहे, आणि आजार मुख्यतः लॅटिन अमेरिकेतील गरीब वस्त्यांचा असल्याने ती सोडवण्यासाठी लागणारा पैसा कायम अपुरा पडत आला आहे.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडल्याचे वाचले होते. तो शागास आजारच होता का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. शागासच्या परजीवीचा भारतात स्थानिक प्रसार नाही. २००४ मध्ये त्या शेतकऱ्याच्या रक्तात सापडला तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, म्हणजे उंट, घोडे आणि गुरांना सर्रा हा आजार करणारा परजीवी. माणसाच्या रक्तातले एपीओएल-१ नावाचे प्रथिन एरवी त्याला मारून टाकते, परंतु या शेतकऱ्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे पुढील तपासणीत आढळले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

पहिल्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. इव्हान्साय हा ब्रुसायपासूनच निघालेला आहे. ब्रुसायला निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या शरीरात वाढावे लागते आणि तिथे तंतुकणिकेची जनुके शाबूत असावी लागतात. इव्हान्साय मात्र जनावरांना चावणाऱ्या माश्यांच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून थेट पसरतो. माशीत तो वाढत नाही. त्यामुळे मोठी वर्तुळे गमावूनही त्याचे निभावते, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या एका विकरात झालेल्या छोट्या बदलाने ती उणीव भरून काढली आहे. त्याच्या काही वाणांत तर लहान वर्तुळेही उरलेली नाहीत. त्यांची स्लाइड रंगवली, तर दुसरा ठिपका दिसतच नाही.