बाल्कनीत फुलपाखरं टिकून राहावीत म्हणून कोणती झाडं लावावीत?

तुम्ही लिहिलंय की झेंडू, झिनिया छान फुललेत, पण फुलपाखरं जरा टेकतात आणि निघून जातात. मग कढीपत्ता लावा. गंमत करत नाहीये.

फुलांवर ती मध प्यायला येतात. पोट भरलं की तिथं थांबायचं काही कारण नसतं. मादी घुटमळते ती अंडी घालायला, आणि त्या बाबतीत तिचे नखरे फार. ज्याची पानं तिची अळी खाते, तेवढंच झाड तिला चालतं.

कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन नावाचं मोठं काळं फुलपाखरू येतं. मादी कोवळ्या पानावर पुढच्या पायांनी टपटप करते, कारण ती चव पायांनीच घेते. खात्री पटली की पोट वाकवून मोहरीहून बारीक, पिवळसर अंडं चिकटवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. तेव्हा तिला हळूच बोट लावा, डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडेल. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो.

शेजारी लिंबाची कुंडी ठेवलीत तर लाइम बटरफ्लायही येईल. आसपास झाडी असेल तर कधीतरी ब्लू मॉरमॉनचंही दर्शन होईल. 2015 साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलं ते हेच. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात.

अगदीच जागा कमी असेल तर पानफुटी. तिच्यावर रेड पिएरो येतं, बोटाच्या पेराएवढं, काळं-पांढरं, मागच्या पंखांवर केशरी पट्टा. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडात धरलंत तर आतली पोकळी दिसते. छोट्या बाल्कनीसाठी माझी पहिली पसंती हीच.

खाली सोसायटीच्या कडेला रुई उगवली असेल तर माळ्याला ती उपटू देऊ नका. प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या तिच्यावर वाढतात. रुईतलं विष अंगात साठवल्यानं पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका. कृष्णकमळावर टॉनी कोस्टरच्या अळ्या येतात आणि वेल बोडका करतात, तेव्हा मनाची तयारी असेल तरच लावा.

फवारणी पूर्ण बंद. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, अळीला ते मारकच. नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधीच औषध मारलेलं असू शकतं, म्हणून नवी पालवी फुटेपर्यंत धीर धरा. सगळ्या अळ्या जगणार नाहीत. काही बुलबुल नेतील, काहींच्या अंगात बारीक गांधीलमाश्या अंडी घालतील. त्यात पडू नका.

आणि कढीपत्त्याचं रोप जरा मोठंच घ्या, शक्यतो दोन, एक फोडणीला आणि एक अळ्यांना. वीतभर रोप दोन धष्टपुष्ट अळ्या बघता बघता फस्त करतात. मग शेजाऱ्यांकडे कढीपत्त्याची डहाळी मागायला जावं लागतं, आणि ‘पोह्यांना हवाय का?’ असं त्यांनी विचारलं की काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.