वाचकांचे प्रश्न : हनी टोस्ट घरी करताना

हनी टोस्टविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, चौकोनी जपानी पावाचा अर्धा किंवा पूर्ण ठोकळा आतून कोरून घेतात, निघालेल्या गराचे तुकडे लोणी व साखर लावून खरपूस भाजतात, ते पुन्हा त्याच पोकळ पावात भरतात आणि वर आइस्क्रीम, फेटलेले क्रीम, फळे व मध घालून लगेच खायला घेतात. टोकियोतील कॅराओके केंद्रांत आणि कॅफेंत चौघांनी मिळून एकाच ताटलीतून खाण्याचा पदार्थ म्हणून तो लोकप्रिय झाला. जपानबाहेर, उदाहरणार्थ तैवानमध्ये, तो टोकियोतील शिबुया या भागाच्या नावानेही ओळखला जातो.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून हनी टोस्ट केला. आतले तुकडे ओव्हनमध्ये भाजले, पोकळ पाव मात्र तसाच ठेवला. रचल्यावर तो सुरेख दिसत होता, पण पाच मिनिटांत भिंती खचल्या, तळ ओला झाला आणि तुकडेही मऊ पडले. आइस्क्रीम कमी घालायला हवे होते का?

उत्तर : आइस्क्रीम कमी करून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण वरच्या सजावटीत नसून पाव पुरेसा न भाजण्यात आहे. हनी टोस्ट हा मुळात भाजलेल्या पावाचा पदार्थ आहे आणि आइस्क्रीम, फळे ही त्याच्या सोबतीला येतात, असे आम्ही ठामपणे म्हणू. न भाजलेल्या भिंतींतला मऊ गर वितळणारे आइस्क्रीम शोषून घेतो आणि जड होऊन खाली बसतो. तेव्हा पोकळ पावही तुकड्यांइतक्याच काळजीने भाजावा.

सुरुवात कापण्यापासून करू. पाव आदल्या दिवशीचा असावा, कारण ताजा आणि उबदार पाव सुरीखाली दबतो व कोरताना फाटतो. अर्धा ठोकळा कापलेली बाजू वर करून ठेवावा आणि कडेपासून साधारण १ सेंटिमीटर आत, चारही बाजूंनी, अरुंद दातेरी सुरी उभी खाली न्यावी. तळाशी मात्र दीड सेंटिमीटर पाव शाबूत राहिला पाहिजे. आता हा गर तळापासून सुटा करायचा आहे. तो वरून चमच्याने किंवा बोटांनी उकरला तर त्याचा चुरा होतो आणि तुकडे करण्याजोगे काही उरत नाही. त्यासाठी सुरीचे टोक बाहेरून, एका कोपऱ्याजवळ, तळापासून दीड सेंटिमीटर उंचीवर आडवे खुपसावे आणि समोरच्या भिंतीच्या अलीकडे थांबावे. मग मूठ जवळजवळ जागच्या जागी ठेवून पाते आतल्या आत पंख्यासारखे फिरवावे. सुरी बाहेर काढून समोरच्या तिरप्या कोपऱ्यातून हीच कृती पुन्हा केली की गराचा ठोकळा अखंड वर उचलला जातो आणि बाहेरून दोन बारीक चिरांखेरीज काही दिसत नाही. या ठोकळ्याचे अडीच ते तीन सेंटिमीटरचे, शक्यतो एकसारखे तुकडे करावेत, म्हणजे काही करपले आणि काही पांढरे राहिले असे होत नाही.

अर्ध्या ठोकळ्याला सुमारे ४० ग्रॅम लोणी लागते. ते वितळवून त्यात एक मोठा चमचा साखर मिसळावी, तुकड्यांना सर्व बाजूंनी लावावे आणि पोकळ पावाच्या आतल्या भिंतींना व तळालाही ब्रशने लावावे. लोण्याचा हा थर आइस्क्रीमचे पाणी आत मुरायला वेळ लावतो, म्हणून तळाशी हात आखडता घेऊ नये. ओव्हन १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत आधीच तापवून घ्यावा. तुकडे एका थरात पसरून, मध्ये एकदा उलटून, १२ ते १५ मिनिटे भाजावेत; पोकळ पावाला ८ ते १० मिनिटे पुरतात. प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी असल्यामुळे शेवटची काही मिनिटे घड्याळापेक्षा रंगाकडे लक्ष द्यावे. तुकडा हातात हलका वाटला आणि दाबल्यावर कडा कुरकुरल्या, म्हणजे तो झाला.

मध भाजण्यापूर्वी लावू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. मधात फ्रुक्टोज नावाची साखर भरपूर असते आणि ते साधारण ११० अंशांपासूनच तपकिरी होऊ लागते, तर नेहमीच्या साखरेला त्यासाठी १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. परिणामी मध लावलेला तुकडा आतून कोरडा होण्याआधीच बाहेरून करपतो, आणि मधाचा नाजूक सुगंधही उडून जातो. मध सर्वांत शेवटी, धार धरण्याइतका पातळ होईल एवढाच कोमट करून ओतावा.

भाजलेला पाव ओव्हनमधून काढल्यावर दोन-तीन मिनिटे जाळीवर ठेवावा. थेट ताटलीवर ठेवला तर वाफ खाली अडकते, आणि आपल्याकडे तळ ओला झाला त्यामागे हेही एक कारण असू शकेल. त्यानंतर तुकडे भरून थोडा मध, त्यावर आइस्क्रीमचे दोन गोळे, बाजूने क्रीम व फळे आणि पुन्हा मधाची धार, असा क्रम ठेवावा. फळे धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावीत.

प्रश्न : नेहमीच्या सँडविचच्या पावाचा हनी टोस्ट चांगला होत नाही, असे ऐकले. जपानी पाव घरी करता येईल का? आमच्या घरी अंडे चालत नाही.

उत्तर : करता येतो, आणि साध्या शोकुपानमध्ये, म्हणजे याच चौकोनी जपानी पावात, अंडे नसतेच. पातळ कापलेला पाव या पदार्थाला निरुपयोगी आहे, पण न कापलेला कोणताही चौकोनी, घट्ट विणीचा दुधाचा पाव चालू शकतो. तरीही शोकुपानची गंमत वेगळी आहे. त्याचा गर बारीक, ओलसर आणि लवचीक असल्यामुळे तुकडा बाहेरून कुरकुरीत होत असताना आतून मऊ राहतो, आणि हनी टोस्टची सारी लज्जत या दुहेरीपणात आहे.

हा मऊपणा साधण्यासाठी जपानी घरांत युदाने नावाची पद्धत वापरतात. ५० ग्रॅम मैद्यावर ५० ग्रॅम उकळते पाणी ओतून चमच्याने घोटावे, गोळा झाकून गार करावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. उकळत्या पाण्याने मैद्यातील स्टार्च फुगून एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो; हेच पाणी पावाला दोन-तीन दिवस मऊ ठेवते. दुसऱ्या दिवशी या गोळ्याचे तुकडे करून त्यात पाव करण्यासाठीचा, जास्त प्रथिने असलेला २०० ग्रॅम मैदा, १३० ते १४० मिलिलिटर कोमट दूध, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट मिसळून मळावे. गोळा एकजीव झाला की २० ग्रॅम मऊ लोणी घालावे. कणीक ताणल्यावर न फाटता पातळ पडदा होईपर्यंत मळणे आवश्यक आहे. हाताने याला २० मिनिटे सहज लागतात आणि या टप्प्यावर घरातील जास्तीचे हात खरोखरच उपयोगी पडतात.

कणीक दुप्पट फुगली की तिचे तीन भाग करून, प्रत्येक भाग लाटून गुंडाळून, चौकोनी साच्यात शेजारी शेजारी ठेवावेत. साचा चार-पंचमांश भरेपर्यंत ती पुन्हा फुगू द्यावी, मग सरकते झाकण लावून २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावी. झाकणामुळे माथा सपाट होतो आणि पाव कोरायला सोपा जातो. साचा बाहेर काढताच तो ओट्यावर एकदा हलकेच आपटावा, म्हणजे आतली वाफ निघून जाते आणि गार होताना पावाच्या बाजू आत खचत नाहीत. जपानमध्ये पावाच्या ठोकळ्याला किन हे माप आहे आणि तेथील पावउद्योगाच्या नियमांनुसार एक किन म्हणजे किमान ३४० ग्रॅम. वरील प्रमाणात साधारण एक किनचा, चौघांना दोनदा पुरेल असा पाव होतो.

उरलेला अर्धा पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिजच्या तापमानाला पाव सर्वांत लवकर कडक होतो. तो घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावा.

प्रश्न : घरात दहा महिन्यांची नात आहे. सगळे खात असताना तिलाही मध लावून ओव्हनमध्ये भाजलेला एखादा तुकडा दिला तर चालेल ना? भाजल्यावर मध निर्धोक होत असेल.

उत्तर : नाही, कृपया देऊ नये. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नसतो. मधात बोटुलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते वाढू शकत नाहीत, परंतु तान्ह्या बाळाच्या आतड्यांत ते रुजतात आणि विष तयार करतात. हे बीजाणू नष्ट करण्यासाठी दाबाखाली सुमारे १२० अंशांची उष्णता लागते. ओव्हनचा आकडा १८० असला तरी ओलसर पावाचा आतला भाग १०० अंशांच्या आसपासच राहतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९८७ मध्येच एक वर्षाखालील बाळांना मध न देण्याची सूचना काढली होती, आणि तरीही २०१७ मध्ये टोकियोत सहा महिन्यांच्या एका बाळाचा मधातून झालेल्या बोटुलिझमने मृत्यू झाला.

नातीसाठी गराचा मऊ, न भाजलेला, मध व साखर न लावलेला लहानसा घास वेगळा काढून ठेवावा. भाजलेला कडक तुकडा घशात अडकण्याची भीती असते. मधाचा चमचा आणि मध लागलेली बोटेही तिच्यापासून दूर ठेवावीत.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही आणि आम्ही घरात दोघेच आहोत. काही सोपा प्रकार सुचवाल का?

उत्तर : जपानी घरांतही रोज कोणी पाव कोरत बसत नाही. तेथे जाड कापाचा टोस्ट अधिक केला जातो. दुकानात एक किनचा पाव चार, पाच, सहा किंवा आठ काप करून मिळतो. ओसाका आणि क्योटोकडे चार-पाच कापांचा जाड पाव आवडीने घेतात, टोकियोकडे सहा-आठ कापांचा. आपण चारच्या मापाचा, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर जाडीचा काप घ्यावा. त्यावर सुरीने उभ्या-आडव्या दोन-दोन रेघा अर्ध्या जाडीपर्यंत पाडाव्यात आणि त्या चिरांत लोणी भरावे. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर, आधी चिरांची बाजू वर ठेवून व झाकण घालून दोन-तीन मिनिटे, आणि मग झाकण काढून दोन्ही बाजू सोनेरी होईपर्यंत भाजावे. झाकण शेवटपर्यंत ठेवले तर वाफेने पाव मऊ पडेल. मध ओतताच तो चिरांतून आत उतरतो. आइस्क्रीमऐवजी भाजलेल्या सोयाबीनची पूड, जिला किनाको म्हणतात, मधावर भुरभुरली तरी फार छान लागते. नागोयाकडे असाच लोणी लावलेला टोस्ट लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांच्या गोड पुरणासोबत खातात.

प्रश्न : पाहुणे येण्याआधी कितपत तयारी करून ठेवता येईल? मुलांनाही काही काम द्यायचे आहे.

उत्तर : पाव सकाळीच कोरून, तुकडे करून, हवाबंद डब्यात ठेवता येतो. तुकडे आधी भाजून ठेवले असतील तर वाढण्यापूर्वी १५० अंशांवर चार-पाच मिनिटे पुन्हा गरम करावेत. कोरण्याचे आणि ओव्हनचे काम मोठ्यांनी करावे. लोणी लावणे, तुकडे भरणे, फळे मांडणे आणि मधाची धार सोडणे मुलांकडे द्यावे, कारण भिंतीच्या आत नीट रचून तुकडे भरायला लहान हात फार सोयीचे पडतात. आइस्क्रीम मात्र सगळे जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्यावरच बाहेर काढावे.