घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप वाइंड करता येतो का? पैसे वाचतात का, आणि वायर कुठली घ्यायची?

येतो की. पिकअप म्हणजे तारांखालचं मॅग्नेट आणि बारीक वायरीची कॉइल, तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, आणि वाइंड करणं म्हणजे ती वायर गुंडाळणं. पैसे मात्र वाचत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. एकाच गिटारसाठी करणार असाल तर वायरचा स्पूल, मोटर, काउंटर, मेण, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न हे सगळं जमवेपर्यंत बाजारातला बरा तयार पिकअप घरी आला असता. हिशोब जुळायला लागतो तो मित्रांच्या गिटारी तुमच्याकडे यायला लागल्यावर, आणि तेव्हाही मित्र चहावरच भागवतात.

तुम्ही लिहिलंय की स्ट्रॅट टाइपची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, तीन पिकअपची) गिटार आहे, ब्रिजचा, म्हणजे तारा खाली टेकतात त्या बाजूचा पिकअप मेलाय, मीटरवर ओपन (वायर कुठेतरी तुटलेली) दाखवतोय, तर तोच परत वाइंड करू का सगळं शून्यापासून बनवू. तोच करा. बॉबिन (वायर गुंडाळायचं रीळ) तयार आहे, मॅग्नेट तयार आहेत, मापं तयार आहेत, त्यामुळे पहिल्यांदा तुमचं सगळं लक्ष फक्त वायरवर राहतं आणि ते राहायलाच हवं. पण कटर चालवण्याआधी भिंग घेऊन दोन्ही टोकं नीट बघा, म्हणजे कॉइलची वायर जिथे आयलेटला (धातूच्या छोट्या कडीला) किंवा बाहेरच्या जाड वायरीला डाग दिलेली (सोल्डर केलेली) असते ती जागा. बऱ्याचदा तिथेच तुटलेली असते आणि बाहेरचं टोक असेल तर एखादा वेढा सोडवून परत डाग दिला की पिकअप जिवंत, वाइंडिंगची गरजच नाही. आतल्या बाजूला तुटली असेल तर मात्र इलाज नाही. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये वायर थेट मॅग्नेटच्या कांड्यांवरच गुंडाळलेली असते, त्या अल्निकोच्या, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि भरपूर लोखंड, त्यामुळे दमट हवेत गंज धरतात, गंज वायरीवरचं एनॅमल खातो आणि एक दिवस आवाज बंद. कोकण-गोव्यातल्या गिटारींमध्ये हे जास्त बघायला मिळतं यात नवल नाही. म्हणून नवीन वाइंड करताना कांड्यांवर आधी पातळ टेपचा एक वेढा द्या, लॅकरचा हात मारला तरी चालेल.

स्वस्तातल्या पिकअपमध्ये बहुतेक प्लास्टिकचं बॉबिन, लोखंडी खुंट्या आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी असते. ते तर अजून सोपं, पट्टी अलगद काढून ठेवा, वर कुठली बाजू होती ते मार्करने लिहा. जुनी कॉइल कापण्याआधी वायर कुठल्या दिशेने गुंडाळलीय तेही बघून कागदावर लिहा. तुमच्या सेटमधला मधला पिकअप उलटा वाइंड केलेला आणि उलट्या पोलॅरिटीचा (मॅग्नेटची उलटी बाजू वर असलेला) असेल (स्विच दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला टाकल्यावर 50 हर्ट्झची घूं घूं जाते का बघा, गेली म्हणजे आहे) तर ब्रिजची दिशा चुकवली की ही सोय गेली.

आता वायर. इथे गोंधळ होतो तो असा की गिटारवाल्यांचं सगळं साहित्य अमेरिकन गेजमध्ये (एडब्ल्यूजी) बोलतं, 42 नंबर, 43 नंबर, आणि आपला दुकानदार एसडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ब्रिटिश गेजमध्ये. 42 एडब्ल्यूजी म्हणजे साधारण 0.063 मिमी, त्याच्या जवळचा आपल्याकडचा नंबर 46 एसडब्ल्यूजी, 0.061 मिमी. दुकानात जाऊन नुसतं "42 नंबर द्या" म्हणालात तर दीडपटीहून जाड वायर गळ्यात पडेल. पंखे आणि पंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे बहुतेक ही मिळत नाही, त्यांचं काम त्यापेक्षा खूप जाड वायरीचं, तुम्ही 46 म्हणालात की तो वर बघतो. रिले, छोटे ट्रान्सफॉर्मर, सोलेनॉइड यांच्या कॉइल भरणारे लोक शोधा. पुण्यात तपकीर गल्लीत विचारत फिरा, मुंबईत लोहार चाळ नाहीतर लॅमिंग्टन रोड, एका दुकानात नाही मिळालं तरी तो पुढचं दुकान सांगतो. वजनावर विकतात आणि तांब्याबरोबर भाव हलतो. विचारताना "सोल्डर होणारी एनॅमल" असं विचारा, म्हणजे पॉलियुरेथेन कोटिंगची, जिचं कोटिंग गरम आयर्नने आपोआप जळून जातं. दुसरी घेतली तर टोक पॉलिश पेपरने घासावं लागतं आणि इतकी बारीक वायर घासताना कोटिंग आधी जाईल का वायर, सांगता येत नाही.

एका स्ट्रॅट पिकअपला ही वायर किती लागते सांगू? साधारण पावणेआठ-आठ हजार टर्न, एका टर्नला सरासरी चौदा सेंटिमीटर धरले तरी एक किलोमीटरच्या वर. आणि वजन जेमतेम 30 ग्रॅम! म्हणजे अर्ध्या किलोच्या स्पूलमध्ये डझनभर पिकअप आरामात होतात, वाया जाणारी धरून.

मशीनसाठी फार डोकं लावू नका. शिलाई मशीनची मोटर पायाच्या पॅडलसकट जुन्या बाजारात मिळते, तिच्या शाफ्टला पट्ट्याने एक छोटी चकती फिरवायची आणि चकतीवर दुहेरी टेपने बॉबिन चिकटवायचं, बस. पॅडल असल्यामुळे स्पीड हळूहळू वाढवता येतो, आणि मिनिटाला सातशे-आठशेच्या पुढे जायची सुरुवातीला काही गरज नाही. पंखे भरणाऱ्यांकडचं हँडलवालं मशीन, ज्याला काट्यांचा काउंटर असतो, तेही चालतं, फक्त एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने वायर म्हणजे हात दुखतो. काउंटरचा जुगाड तुम्हाला माहीत असेलच, साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या (=) बटणावर रीड स्विचच्या (मॅग्नेट जवळ आलं की जोडला जाणारा स्विच) दोन वायरी डाग द्यायच्या, चकतीवर छोटं मॅग्नेट लावायचं, 1 अधिक दाबून सुरू केलं की प्रत्येक फेरीला एक वाढतो. फार जोरात फिरवलं तर टर्न गाळतो, त्यामुळे आधी हळू फिरवून पन्नास टर्न हाताने मोजून ताळा करून घ्या. ज्यांना आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) येतं त्यांनी हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारा) लावावा, सुखी राहतील.

स्पूल जमिनीवर उभा ठेवायचा, फिरवायचा नाही. वायर वरच्या टोकावरून सरळ उचलली गेली पाहिजे. स्पूल दांडीत घालून फिरता ठेवला की मोटर थांबल्यावरही तो फिरत राहतो आणि वायरीचा गुंता होतो, नाहीतर झटका बसून तुटते. ही वायर सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या ओढीला तुटते म्हणजे बघा, तुमच्या बोटांना ती ओढ जेमतेम जाणवते. अंगठा आणि तर्जनीमध्ये फेल्टचा तुकडा धरायचा, त्यातून वायर जाऊ द्यायची, दाब इतकाच की कॉइल बोटाने दाबल्यावर स्पंजासारखी लागू नये. फार ढिली झाली तर कॉइल फुगते, आठ हजारांआधीच बॉबिन भरतं आणि पिकअप शिट्ट्या मारतो, फार घट्ट झाली तर वायर ताणून पातळ होते, मीटर जास्त ओहम दाखवतो आणि आपण उगाच खूश.

आणि सीलिंग फॅन बंद करा. गंमत नाही, पंख्याच्या वाऱ्याने वायर बॉबिनच्या बाहेर उडते आणि खालच्या चकतीत अडकते. वायर स्वतः दिसतच नाही, बाजूने टेबल लॅम्प लावला की तिच्यावरची एक चमकती रेघ दिसते, तिच्यावरच नजर ठेवायची. मागे काळं कापड ठेवलं तर अजून बरं. तुटली की आवाज येत नाही, फक्त ती रेघ गायब होते आणि बोटातली ओढ जाते. घाबरू नका, मोटर थांबवा, दोन्ही टोकं शोधा, पिळा, डाग द्या, वर टेपचा इवलासा तुकडा, काउंटरला हात न लावता पुढे चालू. एक-दोन जोडांनी आवाजात काही फरक पडत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, "किती किलोओहमचा बनवू म्हणजे आवाज हेवी येईल". या आकड्याच्या नादाला लागू नका. ओहम म्हणजे फक्त वायर किती लांब आणि किती बारीक आहे त्याचा आकडा. तेवढेच टर्न 43 एडब्ल्यूजीच्या वायरीने भरले तर मीटर साधारण पंचवीस टक्के जास्त दाखवेल, आवाज काही पंचवीस टक्के वाढणार नाही. आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला 0.39 टक्के वाढतो, त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी 12 डिग्रीला 5.8 दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी 38 डिग्रीला 6.4 दाखवतो, तोच पिकअप! लोक या सहा दशांशावरून भांडतात.

खरा खेळ टर्नचा आणि इंडक्टन्सचा (कॉइल बदलत्या करंटला किती विरोध करते त्याचा, हेन्रीमध्ये मोजतात) आहे. टर्न दहा टक्के वाढवले तर आवाज जेमतेम एक डेसिबलने वाढतो, पण इंडक्टन्स वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे एकवीस टक्के. त्यामुळे ज्या फ्रिक्वेन्सीला पिकअप सगळ्यात जास्त खुलतो तो उंचवटा खाली सरकतो. साधा स्ट्रॅट पिकअप साधारण अडीच हेन्रीच्या आसपास असतो, केबल वगैरे धरून पाचशे पिकोफॅरड कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) आली की हा उंचवटा साडेचार किलोहर्ट्झला पडतो, ती स्ट्रॅटची खणखणीत चमक. टर्न वाढवत जाल तशी चमक कमी होऊन मिड जाड होतात. ब्रिजला हे हवंच असतं कारण तिथे तार कमी हलते आणि आवाज टोचतो, म्हणून तुमच्या ब्रिजला नेकपेक्षा (मानेकडच्या पिकअपपेक्षा) पाच-सात टक्के जास्त टर्न टाका, तेवढं पुरे. एकदम हेवी पाहिजे असेल तर तो सिंगल कॉइलचा, म्हणजे अशा एका कॉइलच्या पिकअपचा प्रांतच नाही, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) घ्या.

हाताने वाइंड केलेल्याचा आवाज वेगळा येतो का, हेही विचारलंय. थोडा येऊ शकतो. मशीन वेढे शेजारी शेजारी ओळीत टाकतं, हाताने टाकताना ते एकमेकांना छेद देत जातात, मध्ये हवा राहते, कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स कमी होते. फेंडर या गिटार कंपनीत अबिगेल इबारा 1956 पासून 2013 ला रिटायर होईपर्यंत कॉइल भरायच्या, त्यांच्या हातच्या पिकअपसाठी लोक जास्त पैसे मोजतात, आणि इतकी वर्षं एकसारखा हात चालणं याला मी मानतो. पण कपॅसिटन्सचंच बोलायचं तर तीन मीटरच्या केबलची कॉइलपेक्षा जास्त असते. त्यामुळे "स्कॅटर वाउंड" (असे विखुरलेल्या वेढ्यांचे) असं लिहून दुप्पट किंमत लावणाऱ्याला आधी केबल बदलून ऐकवा म्हणावं.

वाइंडिंग झालं की आतलं टोक हॉटला (सिग्नलच्या वायरीला), बाहेरचं टोक ग्राउंडला, म्हणजे कॉइलला हात लागला तरी घूं घूं वाढत नाही. दिशेचं सगळं सेटप्रमाणेच ठेवायचं असल्यामुळे आधी जुन्या जोडणीचा कागद बघा, तिथे उलटं असेल तर तसंच राहू द्या, नाहीतर बाकीच्या दोन पिकअपबरोबर लावल्यावर आवाज पातळ आणि नाकातला येतो. तसा आला तर परत वाइंड करायची गरज नाही, दोन वायरींची अदलाबदल करा.

मग मेण, म्हणजे वेढे जागचे हलत नाहीत आणि पिकअप शिट्ट्या मारत नाही. पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, पातेल्यात पाणी आणि पाण्यात मेणाचा डबा, थर्मामीटर लावून 65 डिग्रीच्या आसपास. डबा थेट गॅसवर ठेवू नका, मेण पेट घेतं, आणि फार तापवलं तर प्लास्टिकचं बॉबिन वाकडं होतं. पिकअप बुडवला की बारीक बुडबुडे यायला लागतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा, वीसेक मिनिटं, आणि बाहेर काढून पुसायचा. पातेलं घरातलं घेऊ नका, मेण नंतर निघत नाही आणि मग तुमचा छंद घरात चर्चेचा विषय होतो. मेण टाकण्याआधी मीटरवर बघून घ्या, ओपन असेल तर मेणात घातल्यावर सोडवणं वैताग आहे.

जाता जाता, कमेंटमध्ये कुणीतरी बेंजोला हेच चालेल का विचारलंय, आपला मिरवणुकीतला, बटणांचा. तारा स्टीलच्या आहेत ना, मग चालेल, मॅग्नेटला गिटार का बेंजो कळत नाही. फक्त तिथे तारांमधलं अंतर वेगळं असतं, त्यामुळे सहा सुट्या कांड्यांऐवजी खाली एक सलग लोखंडी पट्टी आणि तिला चिकटून मॅग्नेट असं करा, बॉबिनच्या वरच्या-खालच्या चकत्या दीड-दोन मिमीच्या हायलम शीटमधून (कडक इन्सुलेशनचा पत्रा) कापता येतात. टर्न सहा-सात हजार टाकून आधी ऐका, कमी वाटलं तर पुढच्या कॉइलला वाढवा.