काळा विनोद: पहिली चौकट काढताना

काळ्या विनोदाच्या, म्हणजे मरण-अपघातावर हसवणाऱ्या व्यंगचित्रांचं पुस्तक काढायचंय? घाई नको, आधी वीस-पंचवीस चौकटी, म्हणजे एकेका चित्राची व्यंगचित्रं, हातावेगळ्या करा. नवख्यांची हमखास चूक म्हणजे अपघात घडतानाच दाखवणं. रक्त दिसलं की हसू विझतं. आधीचा क्षण काढा किंवा नंतरचा, मधलं वाचक जोडतो.

आपल्या नाशिकच्या रामकुंडाचंच घ्या. पिंड मांडलाय, कावळा पाठ फिरवून बसलाय. इथवर नेहमीचंच. आता थोरला मुलगा कावळ्यासमोर कागद धरून उभा करा, कागदावर फक्त ‘७/१२’. खाली ओळ लागतच नाही. मात्र चेहरे निर्विकार हवेत. पात्रंच हसली तर वाचक कशाला हसेल? आणि टोमणा वारसांना बसतोय, मेलेल्याला नाही, हे तपासा.

बाकी थोडक्यात:
- ओळ असलीच तर दहा-बारा शब्दांची, डंख शेवटच्या शब्दात. चित्रात दिसतं ते पुन्हा सांगू नका.
- चित्र छपाईच्या दीडपट काढा, पण ०.१ मिमीच्या पेनाने नाही. लहान करताना त्या रेषा तुटतात, ०.५ आणि ०.८ पुरतात.

रंग, छटा वगैरे सध्या राहू द्या.