विन सांतो पार्सलने पाठवू नका (स्वतःच्या अनुभवावरून)

ताई, 'सिएनाहून आईबाबांसाठी विन सांतोच्या सहा बाटल्या आणि कांतुच्ची एकाच खोक्यात घालून पुण्याला पार्सल करू का?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. (विन सांतो म्हणजे इटलीतल्या टस्कनीची, वाळवलेल्या द्राक्षांची वाइन; कांतुच्ची म्हणजे तिथली बदामाची कडक बिस्किटं.) नका करू. मी नेमकं हेच केलं होतं.

आमचं गाव तासगावजवळ, घरची बेदाण्याची शेड. त्यामुळे सिएनाजवळच्या किआंती भागातल्या एका शेतकऱ्याने माळ्यावर नेलं आणि वाशांना टांगलेले त्रेब्बियानो, मालवाझिया या द्राक्षांचे घड दाखवले, तेव्हा मी तिथून हलेनाच. आपल्याकडे डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर टाकलेला माल दोन-तीन आठवड्यांत उतरतो. तिथे तीन-चार महिने नुसत्या वाऱ्यावर. मग रस काढून छोट्या पिंपांत किमान तीन वर्षं, तीही छपराखाली, उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसत. हे बाबांना दाखवायचंच, म्हणून सहा बाटल्या घेतल्या. बॅगेचं वजन वाचवायला त्या पार्सलला दिल्या आणि उरलेल्या जागेत पानफोर्ते (सिएनाची सुक्या मेव्याची घट्ट वडी) आणि कांतुच्ची कोंबली. ही सगळ्यात मोठी चूक.

खोकं मुंबईत अडकलं. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. आधी बिल मागितलं, दिलं. मग बिलाचं इंग्रजी भाषांतर, मग ओळखपत्र, मग आयातीचा परवाना. एकदम सगळं सांगा म्हटलं, तर फोनच उचलेनात. रोजचं गोदामभाडं चढत होतं. शेवटी 'माल सोडून देतो' असं लिहून दिलं. वाइन गेलीच, पण काही गुन्हा नसलेलं गोडही तिच्याबरोबर गेलं. बाबा दोन महिने विचारत होते. आजही आठवलं की संताप होतो.

दोन लिटरची करमाफी सोबतच्या सामानाला असते, पार्सलला नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून माणशी 375 मिलीच्या पाच बाटल्या (1.875 लिटर) चेक-इन बॅगेत, एकेक बाटली जाड मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. नियम बदलतात, निघण्यापूर्वी एकदा स्वतः बघून घ्या. मी काही कस्टमवाला नाही.

आता माझं मत, पटलं तर घ्या. पर्यटकांच्या दुकानात कांतुच्चीसोबत गिफ्टबॉक्समध्ये मिळणारी स्वस्त बाटली घेऊ नका. लेबलवर 'लिक्वोरोसो' असेल तर ती वरून अल्कोहोल घातलेली असते, माळ्यावरच्या त्या कष्टांशी तिचा संबंध नाही. चांगल्या विन सांतोचा पहिला घोट कोरा घ्यावा, कांतुच्ची नंतर बुडवावी. बुडवावी मात्र जरूर, कारण ती दोनदा भाजलेली असते आणि वयस्कर दातांना कोरडी झेपत नाही.

आईबाबा अंडं खात नसतील तर कांतुच्ची टाळा, पानफोर्ते न्या. बदाम, मध, साखर, मुरवलेली फळं, मसाले आणि थोडा मैदा, महिनोन्महिने टिकतं. खालचा पांढरा पापुद्रा कागद समजून सोलू नका, तो खायचाच असतो. रिच्चारेल्ली या बदामाच्या मऊ बिस्किटांत अंड्याचा पांढरा भाग असतो. आणि पुढे सिसिलीला गेलात तर कान्नोली (गोड रिकोटा चीज भरलेल्या तळलेल्या नळ्या) खाण्याआधी 'स्त्रुत्तो' आहे का विचारा. ती डुकराची चरबी, पारंपरिक नळ्यांच्या पिठात घालतात. शाकाहारी मंडळींना हे कुणीच सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला मी बाटल्या बॅगेतून आणल्या. बाबा पीत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, 'अरे, हा तर मार्चमधल्या शेडचा वास.'

तुम्ही नोव्हेंबरात तिथे असाल तर घड टांगलेले दिसतील. बाटली घेण्याआधी माळा दाखवाल का, असं विचारा. बहुतेक छोटे शेतकरी आनंदाने दाखवतात. जिना अरुंद असतो, खांद्यावरची बॅग खालीच ठेवा.